शक्तीच्या गोळ्या आणि आपलें रक्त

पावसाळा सरतां सरतां आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टींत हिवताप घरोघर शिरतो. ताप उतरला तरी मूल कोमेजलेलें दिसतें, अन्नावर वासना नसते. मग आई-बाप बाजारांतून "शक्तीच्या गोळ्या" आणतात. या गोळ्यांत अनेक जीवनसत्त्वें, व पुष्कळदां त्यांच्या जोडीला लोह, जस्त वगैरे क्षार असतात. गुण आला नाहीं तरी अपाय तर व्हावयाचा नाहीं, अशी बहुतेकांची समजूत असते. ती कितपत खरी, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं पारखून पाहावें.

जीवनसत्त्वांच्या दोन जाती आहेत. ब वर्गांतील व क हीं पाण्यांत विरघळतात. जादा भाग बहुतांशीं लघवीवाटे निघून जातो. गोळीनें लघवी गडद पिवळी होते ती ब-२ मुळें. तिला भिण्याचें कारण नाहीं. मात्र ब-६ मोठ्या प्रमाणांत महिनोन् महिने घेतल्यास हातापायांना बधिरता येऊं शकते. अ व ड यांची गोष्ट निराळी. तीं शरीरांत सांठून राहतात. ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची गोळी बहुधा आठवड्यांतून एकदां घ्यावयास सांगतात. ती कोणी रोज घेऊं लागला, तर रक्तांतील कॅल्शियम वाढून ओकाऱ्या, तहान, बद्धकोष्ठ, आणि शेवटीं मूत्रपिंडांचा बिघाड, येथवर मजल जाते. शेवग्याच्या पाल्यापासून अ जीवनसत्त्वाची अशी बाधा होत नाहीं. पाल्यांत त्याचें केवळ पूर्वद्रव्य असतें, व शरीर गरजेपुरतेंच त्याचें रूपांतर करतें. ही काटकसर कारखान्याच्या गोळीला कोठून ठाऊक असणार!

परंतु आपल्याकडे खरा विचार करावयाचा तो लोहाचा. शाळेंत आठवड्यांतून एकदां मिळणाऱ्या निळ्या गोळींत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतें. ती जेवणानंतर घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते. शौचास काळें झालें तरी घाबरूं नये. ती गुपचूप फेंकून देणारे विद्यार्थी आपलेंच नुकसान करतात. तिच्या भरीला घरीं बाजारची लोहयुक्त गोळी रोज चालूं ठेवणें मात्र वेगळें.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ पेंबा नांवाचें बेट आहे. तेथेंहि हिवताप पांचवीला पुजलेला. तेथील लहान बालकांना रोज लोह व फॉलिक आम्ल देऊन पाहिलें. त्याचा अहवाल २००६ सालीं प्रसिद्ध झाला. मृत्यु किंवा रुग्णालयांत न्यावें लागण्याइतकें दुखणें, यांचें प्रमाण गोळी घेणाऱ्यांत १२ टक्क्यांनीं अधिक निघालें, व प्रयोगाचा तो भाग मध्येंच थांबवावा लागला. मात्र ज्यांच्या रक्तांत लोहाची खरोखरच तूट होती, अशा बालकांना लाभ झाल्याचें त्याच अभ्यासाच्या एका भागांत आढळलें. ज्याला उणीव त्याला औषध, ज्याला नाहीं त्याला भार!

दुसरी गोष्ट सिकल सेलची. ती तर आपल्या गांवोगांवची. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस टिकते. या रोग्याची १० ते २० दिवसांत मोडते, पण तिच्यांतील लोह बहुतेक शरीरांतच राहतें. वरचेवर रक्त चढवावें लागलें कीं त्यांत आणखी भर पडते. जादा लोह बाहेर टाकण्याची वाट शरीराला नाहीं. तें यकृतांत व हृदयांत सांठतें. अशा मुलाचा फिकटपणा पाहून लोहाची गोळी देणें म्हणजे भरल्या रांजणांत पाणी ओतणें होय. त्याला फॉलिक आम्ल देतात. लोह मात्र रक्त तपासून, डॉक्टरांनीं सांगितलें तरच. जो केवळ वाहक आहे, त्याला ही अडचण नाहीं. म्हणून मूल कोणत्या वर्गांतलें, हें आधीं प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासून घ्यावें. "ॲनिमिया मुक्त भारत" या २०१८ च्या योजनेच्या नियमांतहि ताप किंवा अतिसार चालूं असतां, तसेंच वारंवार रक्त द्यावें लागणाऱ्यास, प्रतिबंधक लोह देऊं नये असें आहे.

आणखी एक. या गोळ्या रंगीत व गुळगुळीत असतात. घरांतल्या दोन-तीन वर्षांच्या भावंडाला त्या पेपरमिंट वाटतात. लोहाच्या मूठभर गोळ्या पोटांत गेल्या, तर रक्ताच्या ओकाऱ्या होऊन जीवावर बेतूं शकतें. त्या कुलपांत ठेवाव्या. आणि तसा प्रसंग आलाच, तर ओकारीची वाट न पाहतां मुलाला तत्काळ रुग्णालयांत न्यावें, व गोळ्यांचें रिकामें पाकीट बरोबर घ्यावें.