गिरजेच्या डोहावर

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात हसनाबाद नावाचे गाव आहे. गावाजवळून गिरजा नदी वाहते. पुढे ती पूर्णेला मिळते आणि पूर्णेचे पाणी गोदावरीत जाते. उन्हाळ्यात गिरजेचे पात्र जागोजागी कोरडे पडते. पाऊस सुरू झाला, की मात्र डोह भरतात, काठची लव्हाळी हिरवी होतात आणि गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींना घरी बसवत नाही.

आषाढातला शेवटचा रविवार होता. श्रावण लागला, की पुष्कळ घरांत महिनाभर मासे शिजत नाहीत. त्यामुळे डोहावर सकाळपासूनच माणसे जमली होती. त्यांत एक वृद्ध भोई होते. सारा गाव त्यांना भोईबाबा म्हणे. शेजारी शाळेतील गुरुजी छत्री टेकून बसले होते. इतक्यात दोन भाऊ नवी काठी घेऊन धावत आले. घरी पाहुणे यावयाचे होते आणि मोठा मासा आणण्याचे वचन थोरल्याने आईला दिले होते.

“धावू नका रे!” भोईबाबा हलक्या आवाजात म्हणाले. “तुम्हाला मासा दिसण्यापूर्वी त्याला तुमची चाहूल लागते.”

गुरुजींनी कारण सांगितले, “माशाच्या दोन्ही कुशींवर एक बारीक रेषा असते. तिच्या योगाने पाण्यातील लहानशी हालचालही त्याला जाणवते.”

मग भोईबाबांनी मुलांची काठी हाती घेऊन पाहिली. काठी बांबूची असून शेंड्याकडे निमुळती व लवचीक होती. तिला तंगुसाचा दोरा बांधलेला होता. दोऱ्याच्या टोकाला गळ, त्याच्या थोडे वर शिशाचा तुकडा आणि त्याहून वर मोरपिसाच्या देठाचा तरंगा होता. शिशामुळे आमिष खाली जाते आणि तरंग्यामुळे पाण्याखाली काय चालले आहे, ते वर कळते.

“कणकेच्या गोळीला रोहू भुलतो, गांडुळाला शिंगाडा येतो. मरळीला मात्र हलते भक्ष्य लागते, बेडूक किंवा जिवंत मासोळी,” भोईबाबा म्हणाले. “तरंगा नुसता थरथरला, तर हात हलवू नका. मासा तेव्हा आमिष चाखत असतो. तरंगा सरळ खाली गेला, की मनगटाने हलकाच झटका द्या. मासा मोठा असेल, तर ओढाताण करू नका. तो ओढील तेव्हा काठी वाकू द्या आणि तो थकला, की जवळ घ्या.”

मुलांनी गळ टाकला. वेळ जाईना, तेव्हा गुरुजींनी गोष्ट काढली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत हे सारे त्यात सांगितले आहे.

“म्हणजे राजालाही असेच ताटकळावे लागत असेल!” धाकटा म्हणाला आणि सारे हसले.

दुपारपर्यंत दोन लहान मासे मिळाले. थोरला मनातून खट्टू झाला. तोच लव्हाळ्याजवळ त्याला पाण्यावर तांबूस रंगाचा एक पुंजका दिसला. तो हळूहळू सरकत होता. नीट पाहता ती शेकडो इवलीशी पिल्ले आहेत, असे दिसले. त्यांच्याखाली हातभर लांबीची मरळ संथपणे फिरत होती. मध्येच ती वर येऊन हवेचा घोट घेई व पुन्हा पिल्लांखाली जाई.

थोरल्याचे हात कापू लागले. त्याने डब्यातील मासोळी गळाला लावली व काठी उचलली.

“ती लगेच झडप घालील,” भोईबाबा म्हणाले. “भूक म्हणून नव्हे, पिल्लांजवळ कोणी आले म्हणून.”

थोरला थांबला.

“तुझ्याएवढा असताना मी अशीच एक मरळ धरली होती. घरी वाहवा झाली. सायंकाळी परत येऊन पाहतो, तो तांबडा पुंजका फुटला होता. दुसरे मासे आणि बगळे पिल्ले टिपीत होते. दुसऱ्या दिवशी पाण्यावर काहीच उरले नव्हते.”

“पण बाबा, मी सोडली आणि दुसऱ्याने नेली, तर?”

“नेईलही. त्याच्या गळावर तुझी सत्ता नाही. तुझ्या हातातला गळ तेवढा तुझा.”

गुरुजी म्हणाले, “अमेरिकेत बास नावाचा मासा आहे. त्याचा नर अशीच पिल्लांची राखण करतो. तेथील एका संस्थेने १९७२ पासून गळाच्या स्पर्धांत धरलेले मासे जिवंत सोडण्याची प्रथा पाडली. आपल्याकडे १८९७ च्या कायद्याने पाण्यात विष घालून किंवा सुरुंग उडवून मासे मारणे गुन्हा ठरविले. कारण त्यात लहानमोठे सारेच मरतात. गळ टाकणाऱ्याला मात्र निवड करता येते.”

थोरल्याने क्षणभर घराकडच्या वाटेकडे पाहिले. मग काठी आडवी ठेवून त्याने मासोळी पाण्यात सोडली.

त्या दिवशी पाहुण्यांच्या ताटात रस्सा पुष्कळ आणि मासे थोडे होते. आईने कारण विचारले, तेव्हा धाकट्यानेच सारी हकीकत सांगितली.

भाद्रपदात दोघे भाऊ पुन्हा डोहावर गेले. तांबडा पुंजका आता नव्हता. लव्हाळ्यांच्या कडेने काळपट रंगाच्या बोटभर मरळी एकेकट्या वर येत, हवेचा घोट घेत आणि नाहीशा होत. धाकटा त्या मोजू लागला. पण त्याला मोजणी काही पुरी करता आली नाही.

शब्दार्थ
तरंगा – पाण्यावर तरंगणारी खूण. आमिष – गळाला लावलेले खाद्य. तंगूस – गळासाठी वापरण्याचा चिवट दोरा. खट्टू – नाराज.

स्वाध्याय
१. तरंगा व शिसे यांचा उपयोग काय?
२. पिल्लांची राखण करणारी मरळ गळाला सहज का लागते?
३. ‘तुझ्या हातातला गळ तेवढा तुझा’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. थोरल्याच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? पाच-सहा वाक्यांत लिहा.