शहर पाहायला जाण्याआधी

गावचा माणूस शहरात जातो तो बहुधा कामासाठी. कोणी दवाखान्यात जातो. कोणी कोर्टाच्या तारखेला जातो. कोणी लग्नाचा बस्ता बांधायला जातो. काम झाले की मिळेल त्या गाडीने तो परत येतो. दहा वेळा शहरात जाऊनही शहर पाहायचे राहूनच जाते.

कधीतरी दोन दिवस नुसते पाहण्यासाठी जावे. ही चैन नव्हे. आपल्या मुलखात आधीच्या माणसांनी काय काय करून ठेवले आहे, ते डोळ्यांनी पाहणे हेही शिक्षणच आहे. मात्र निघण्याआधी बसून नीट ठरवावे लागते, आणि ठरवलेले कागदावर लिहावे लागते. न लिहिता गेले म्हणजे काय होते, ते आमच्याच फजितीवरून सांगतो.

मंगळवारची फजिती

काही वर्षांपूर्वी प्रौढवर्गातल्या नऊ जणांना घेऊन आम्ही छत्रपती संभाजीनगरला गेलो. या शहराचे नाव आधी औरंगाबाद होते. ते २०२३ साली बदलले. परभणीहून रेल्वेने हे शहर साधारण पावणेदोनशे किलोमीटर आहे. वाटेत मानवत रोड, सेलू, परतूर, जालना ही स्टेशने लागतात.

वेरूळची लेणी पाहायची, एवढेच मनात धरून आम्ही निघालो होतो. आम्ही पूर्वी दोनदा गेलेलो. म्हणून कोणाला काही विचारले नाही, काही लिहिलेही नाही. शहरात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी एस. टी. ने वेरूळला पोचलो. पाहतो तो फाटक बंद!

आमच्यात एक आजी होती. दोन वर्षे मजुरीतले पैसे बाजूला टाकून ती आली होती. फाटकाजवळ पाटी होती. आजी नुकतीच वाचायला शिकलेली. बोट ठेवून तिने एकेक अक्षर लावले, "मं-ग-ळ-वा-री बं-द." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, आज मंगळवारच हाय की! हे घरीच कळलं असतं तर?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. वेरूळची लेणी दर मंगळवारी बंद असतात, आणि अजिंठ्याची दर सोमवारी. ही गोष्ट नवी नाही की लपलेली नाही. चूक आमची होती. दुसऱ्यांना वाचायला शिकवणाऱ्या माणसाने स्वतः चौकशी केली नाही, आणि त्याचा भुर्दंड मजुरी करणाऱ्या बाईने भरला. आम्ही घृष्णेश्वराचे दर्शन घेतले आणि परत फिरलो. आणखी एक दिवस राहण्याइतके पैसे कोणाजवळच नव्हते.

त्या दिवशी गाडीतच आम्ही ठरवले, यापुढे कागद केल्याशिवाय घर सोडायचे नाही. तो कागद कसा करावा, ते आता पाहू.

पहिली गोष्ट : काय पाहायचे?

आधी सगळ्यांनी मिळून मनातली ठिकाणे सांगावीत. एकाने ती लिहून घ्यावीत. यादी मोठी होईल. होऊ द्या. मग प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : ते कोणत्या बाजूला आहे, कोणत्या वारी बंद असते, आणि तिथे चढण किती आहे.

आपल्याच उदाहरणात पाहा. दौलताबादचा किल्ला, खुलताबाद आणि वेरूळ ही एका रस्त्यावर आहेत. वेरूळ शहरापासून सुमारे तीस किलोमीटर आहे. अजिंठा मात्र दुसऱ्या रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर पडतो. वेरूळ आणि अजिंठा एकाच दिवशी करू म्हणणारा माणूस दिवसभर गाडीतच बसून राहतो. एका बाजूची ठिकाणे एका दिवशी घ्यावीत.

दौलताबाद म्हणजे यादवांची देवगिरी. दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याने १३२७ साली आपली राजधानी इथे आणली होती. किल्ला पाहण्यासारखा आहे यात शंका नाही. पण शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात, आणि वाटेत अंधारी लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालचा चांद मिनार पाहावा आणि सावलीत बसावे. मन मारून चढू नये.

यादीतली निम्मी नावे शेवटी खोडावी लागतात. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. दहा ठिकाणी पळत जाण्यापेक्षा तीन ठिकाणे सावकाश पाहिलेली बरी.

दुसरी गोष्ट : शहरात काय आहे?

हे शहर मलिक अंबर याने १६१० च्या सुमारास वसवले. तेव्हा याचे नाव खडकी होते. मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतला. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस आपल्या कर्तबगारीने निजामशाहीचा वजीर झाला. त्याने डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले.

पाण्याची अशीच करामत पाणचक्कीत पाहायला मिळते. पाणचक्की म्हणजे पाण्यावर चालणारे जाते. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून खाली सोडले आहे. त्या पाण्याच्या जोराने चाक फिरते आणि चाकावर जाते फिरते. दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी इथे पीठ दळले जाई. जात्यावर दळण दळलेल्या बायांना ही युक्ती चटकन समजते.

बीबी का मकबरा म्हणजे औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर. ती १६५७ साली वारली. ही इमारत दिसायला ताजमहालासारखी आहे. मात्र हिच्यात संगमरवर थोडा आहे, बाकी काम चुन्याच्या गिलाव्याचे आहे. जवळ जाऊन हात न लावता पाहिले तर फरक ओळखता येतो.

पाणचक्कीजवळच नागसेनवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली या शहरात महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. त्या काळी मराठवाड्यातल्या गरिबाच्या मुलाला कॉलेज म्हणजे स्वप्न होते. ज्यांना शाळेत बसू दिले जात नव्हते, त्यांची मुले इथे शिकून वकील झाली, प्राध्यापक झाली, लेखक झाली. ही जागा लेण्यांइतकीच पाहण्यासारखी आहे. आपली नातवंडे बरोबर असतील तर त्यांना जरूर दाखवावी.

तिसरी गोष्ट : गाडीची वेळ

रेल्वेची घड्याळे चोवीस तासांची असतात. दुपारी बारानंतर एक वाजला की तिथे १३ लिहितात. अशा आकड्यातून १२ वजा करावेत. १७:४० म्हणजे संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे.

रात्री बारानंतरच्या गाडीला विशेष जपावे. रात्री बारा वाजता तारीख बदलते. तिकिटावर १२ तारीख आणि ००:१५ असे असेल, तर आपल्याला ११ तारखेच्या रात्रीच स्टेशनावर जायचे असते. १२ तारखेला रात्री जेवून निघालेल्या माणसाची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

चौथी गोष्ट : पैसे आणि गाठोडे

खर्चाचे चार भाग लिहावेत : भाडे, मुक्काम, जेवण, पाहण्याची तिकिटे. परतीच्या भाड्याचे पैसे वेगळ्या पुडीत बांधावेत आणि घर येईपर्यंत त्यांना हात लावू नये.

एस. टी. मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील माणसांसाठी २०२२ साली मोफत प्रवास सुरू झाला. बायांसाठी २०२३ साली अर्धे भाडे सुरू झाले. आधार कार्ड जवळ ठेवावे, आणि सवलतीबद्दल निघण्याआधी डेपोत विचारावे. रिक्षात बसण्याआधी भाडे विचारावे, बसल्यावर नव्हे.

पहिल्या दिवसासाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्यावी. पाण्याची बाटली घ्यावी. घरचा फोन नंबर आणि मुक्कामाचा पत्ता प्रत्येकाच्या खिशात कागदावर असावा. मोबाइलमध्ये नंबर असतो हे खरे, पण बॅटरी संपली की तो मुका होतो. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, तेही आधीच ठरवावे.

आजीचा कागद

पुढच्या वर्षी रब्बीची पेरणी आटोपल्यावर आम्ही पुन्हा निघालो. या वेळी कागद आजीने लिहिला होता. अक्षर वेडेवाकडे होते, पण वाचता येत होते :

"बुधवार. सकाळची गाडी. पाणचक्की. मकबरा. नागसेनवन. मुक्काम.
गुरुवार. वेरूळ. आधी १६ नंबर. मग घृष्णेश्वर. संध्याकाळची गाडी.
परतीचे पैसे लाल पुडीत."

वेरूळला चौतीस लेणी आहेत. बौद्ध, हिंदू आणि जैन अशा तिन्ही धर्मांची लेणी एकाच डोंगरात शेजारी शेजारी आहेत. सगळी पाहण्याची ताकद आजीत नव्हती. म्हणून तिने सोळा नंबरचे कैलास लेणे पहिले लिहिले होते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या काळात ते कोरले गेले. दगड आणून रचलेले हे देऊळ नाही. अखंड डोंगर माथ्याकडून खाली कोरत आणून आतून देऊळ काढले आहे. आधी कळस, शेवटी पायथा.

आजी देवळाच्या चौकात मान वर करून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, हे तर इहिरीसारखं केलंय. वरून खाली खांदत आलेत. पण इहिरीत पोकळी ऱ्हाते, हितं देऊळ ऱ्हायलंय."

कैलासाची रचना आम्ही वर्गात अनेकदा समजावली होती. इतक्या थोडक्यात आम्हांला कधी सांगता आली नव्हती. जन्मभर विहिरीच्या कामावर माती उचललेल्या बाईला ती एका नजरेत समजली. तिला तिथे नेऊन उभे करण्याची तेवढी गरज होती, आणि ते काम त्या कागदाने केले.

मंडळी, तुम्हांला आता लिहिता येते. सही करण्यापुरतेच ते वापरू नका. गावाला निघण्याआधी एक कागद लिहा.

हे करून पाहा

१. तुम्हांला कोणते शहर पाहायचे आहे? तिथली पाच ठिकाणे लिहा. मग त्यांतली दोन खोडा. ती का खोडली, ते सांगा.
२. १५:२०, २१:०५ आणि ००:३० या वेळा आपल्या नेहमीच्या बोलण्यात सांगा.
३. वेरूळची लेणी कोणत्या वारी बंद असतात? अजिंठ्याची कोणत्या वारी?
४. दोन दिवसांच्या प्रवासाच्या खर्चाचे चार भाग लिहा आणि त्यांची बेरीज करा. परतीचे भाडे त्यात धरले आहे का, ते पुन्हा पाहा.