एकदा दिली ना, मग पुन्हा कशाला?

आई-बाबांनो, बाळ नऊ महिन्यांचं झालं, गोवर-रुबेलाची लस टोचून झाली, की बऱ्याच घरांत लसींचं कार्ड कपाटात जातं. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या तारखा काटेकोर पाळणारे पालकच पुढे दीड वर्षाचा डोस विसरतात. मूल हसतं-खेळतं असतं, त्याला पुन्हा सुई टोचून रडवायचं जिवावर येतं. ‘एकदा दिली ना, मग पुन्हा कशाला?’ हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. म्हणूनच आज त्याबद्दल जरा निवांत बोलू.

एखादा जंतू पहिल्यांदा शरीरात शिरतो, तेव्हा त्याला नेमकं ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी फार थोड्या असतात. त्यांची संख्या वाढून पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तेवढ्यात मूल आजारी पडतं. आजार सरला की यातल्या बहुतेक पेशी मरतात. काही मात्र हाडांतल्या मज्जेत मुक्काम करून वर्षानुवर्षं थोडी थोडी प्रतिपिंडं बनवत राहतात. आणखी काही प्लीहेत आणि लसीका ग्रंथींमध्ये दबा धरून बसतात. या स्मृतिपेशी. तोच जंतू पुन्हा आला, तर साधारण तीन ते पाच दिवसांत त्या भराभर वाढतात आणि पहिल्यापेक्षा घट्ट चिकटणारी प्रतिपिंडं बनवतात. लस हीच ओळख करून देते, आजार न देता.

ही आठवण किती टिकते? १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. तिथे गेलेल्या पीटर पानुम या डॅनिश डॉक्टरांच्या लक्षात आलं, की १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्या माणसांना तो पुन्हा झालाच नाही. मधल्या ६५ वर्षांत बेटांवर गोवर फिरकला नव्हता, तरी आठवण शाबूत होती.

मग घटसर्प आणि धनुर्वाताच्या लसी पुन्हा पुन्हा का? कारण आठवण असली तरी ती जागी व्हायला वेळ लागतो. ‘ब’ प्रकारची कावीळ शरीरात हळूहळू, कित्येक आठवडे घेऊन वाढते. रक्तातली प्रतिपिंडं कमी झालेली असली, तरी स्मृतिपेशींना उठून कामाला लागायला तेवढी सवड मिळते. घटसर्पाचं विष तेवढी सवड देत नाही. तिथे प्रतिपिंडं रक्तात आधीच हजर असावी लागतात आणि ती तर वर्षागणिक घटत जातात. बूस्टर डोसामुळे स्मृतिपेशी जाग्या होतात आणि प्रतिपिंडांची पातळी पुन्हा वर चढते. म्हणून सरकारी वेळापत्रकात १६ ते २४ महिन्यांत आणि पुन्हा ५ ते ६ वर्षांत त्रिगुणी लसीचा बूस्टर, तर १० आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस आहे.

दोन डोसांमधलं अंतरही उगाच ठेवलेलं नाही. पाढा एकाच दिवशी दहादा म्हणवून घेतला तर टिकत नाही, मधे दिवस जाऊ देऊन उजळणी केली की पक्का होतो. पेशींचंही तसंच. एका डोसानंतर अधिक चांगली प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी निवडल्या जायला काही आठवडे जावे लागतात. त्याआधीच दिलेला पुढचा डोस तितका लागू पडत नाही.

गोवराच्या दुसऱ्या डोसाचं कारण मात्र वेगळं आहे. नवव्या महिन्यात आईकडून मिळालेली प्रतिपिंडं काही बाळांच्या अंगात अजून शिल्लक असतात आणि ती लस निष्प्रभ करतात. या वयात पहिला डोस साधारण शंभरातल्या ८५ बाळांना लागू पडतो. उरलेली बाळं कोणती, हे बाहेरून कळत नाही, म्हणून दुसरा डोस सगळ्यांनाच.

‘त्यापेक्षा आजारच येऊन गेलेला बरा’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. धनुर्वाताच्या बाबतीत ते मुळीच खरं नाही. त्याचं विष इतकं जहाल, की आजार होण्याइतकी मात्रासुद्धा शरीराला ओळख पटायला अपुरी पडते. त्यातून वाचलेल्यालाही लस घ्यावीच लागते. गोवर तर जुन्या आठवणीच पुसतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोवर होऊन गेल्यावर त्यांच्याकडची इतर जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झालेली आढळली. लसीमुळे असं होत नाही. २०२२ च्या अखेरीस गोवंडीसह मुंबईच्या काही वस्त्यांत गोवराची साथ पसरली आणि त्यात लहान मुलं दगावली, हे आपण पाहिलंच आहे.

आता एवढंच करा. कपाटातलं कार्ड काढून कोणता रकाना रिकामा आहे ते पाहा. उशीर झाला असला तरी संकोच नको. जिथे थांबलात तिथूनच पुढे जाता येतं, सगळे डोस पहिल्यापासून घ्यावे लागत नाहीत. त्रिगुणीनंतर एक-दोन दिवस ताप आला, मांडी दुखली, तर घाबरू नका. गोवर-रुबेलाचा ताप आठवड्याभरानंतरही येऊ शकतो. ताप उतरेना किंवा मूल मलूल दिसलं, तर डॉक्टरांना दाखवा. आशाताईंना किंवा आपल्या डॉक्टरांना विचारून पुढची तारीख आजच ठरवून टाका.