पाठीशी उभे गाव

प्रस्तावना

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सीमा उभी राहते. तोफा, रणगाडे, बर्फाने झाकलेली शिखरे आठवतात. परंतु सीमेवर उभा असलेला प्रत्येक सैनिक कुठल्या तरी घरातून, कुठल्या तरी गावातून तेथे गेलेला असतो. तो गेल्यावर त्याच्या वाट्याचे शेत कोण पेरते? त्याच्या म्हाताऱ्या आईवडिलांकडे कोण पाहते? त्याच्या बांधाची राखण कोण करते? इतिहासाच्या पुस्तकांत लढायांच्या तारखा सापडतात. ह्या प्रश्नांची उत्तरे मात्र क्वचितच सापडतात. प्रस्तुत पाठात सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) ह्या गावाच्या निमित्ताने त्यांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• युद्धाच्या प्रारंभी सैनिकाच्या गावावर आणि घरावर कोणती जबाबदारी येते, ते सांगता येईल;
• युद्धाचा काळ आणि शेतीचा हंगाम यांचा संबंध स्पष्ट करता येईल;
• ‘सावड’, ‘इर्जिक’ ह्या ग्रामीण प्रथांचे महत्त्व विशद करता येईल;
• आपल्या परिसरातील सैनिक-कुटुंबांविषयी माहिती मिळवून लिहिता येईल.

मूळ पाठ

१. नावातच सैन्य असलेले गाव

सातारा शहरापासून थोड्याच अंतरावर अपशिंगे नावाचे गाव आहे. ह्या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा इंग्रजी शब्द कायमचा जोडला गेला आहे. त्यामागे मोठा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात ह्या एका गावातील ४६ जवानांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ तत्कालीन ब्रिटिश सरकारने गावात स्मारक उभारले. त्यानंतरही गावातील तरुण पिढ्यान् पिढ्या सैन्यात जात राहिले. आज गावातील बहुतेक घरांचे सैन्याशी कोणते ना कोणते नाते आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी ह्या गावाच्या नावातही अशीच ओळख सामावलेली आहे.

साताऱ्यावरून जाणारा महामार्ग पुढे कोल्हापूर आणि बेळगावी ही शहरे ओलांडून बेंगळुरूला पोहोचतो. बेळगावी येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र आहे. साताऱ्याकडचे कितीतरी तरुण ह्याच वाटेने प्रथम घराबाहेर पडले. वाटेच्या दुसऱ्या टोकाला, बेंगळुरूच्या जे. सी. नगर भागातही पहिल्या महायुद्धाचे एक स्मारक आहे. ते म्हैसूर संस्थानाच्या ‘म्हैसूर लान्सर्स’ ह्या घोडदळाचे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर जिंकण्याच्या लढाईत ह्या घोडदळाने भाग घेतला होता. शहरातील ते स्मारक एका पथकाची आठवण ठेवते, तर अपशिंगे येथील स्मारक एका गावाची. पथकातील रिकाम्या जागी नवा सैनिक भरती होतो. गावातील रिकामी जागा मात्र कोणाच्या तरी घरातली असते आणि ती तशी भरून निघत नाही.

२. पाऊस आणि पलटण

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा धुवाधार पाऊस पडतो, तर पूर्वेला माण-खटावसारखे दुष्काळी तालुके आहेत. भावाभावांत वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे लहान होत गेले. पावसाच्या भरवशावरच्या तेवढ्या तुकड्यावर साऱ्यांचे पोट भरेना. एक भाऊ शेतीवर आणि एक पलटणीत, अशी विभागणी अनेक घरांनी स्वीकारली. लष्करातून येणारा पगार हाच घराचा खात्रीचा पाऊस ठरला. शिवकाळापासूनची लढवय्येपणाची परंपरा ह्या भागाला आहे, हे खरेच. परंतु केवळ परंपरेने पोट भरत नाही. शौर्य आणि गरज ह्या दोन्ही गोष्टींनी हा तरुण छावणीच्या दारापर्यंत नेला, हे समजून घेतले पाहिजे.

१९१४ साली ज्या युद्धासाठी तो गेला, ते युद्ध त्याच्या देशाचे नव्हते. राज्यकर्त्यांनी पुकारलेल्या त्या युद्धात सुमारे १३ लाख भारतीयांनी भाग घेतला आणि ७४ हजारांहून अधिक भारतीय सैनिक परत आले नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. तेथील कूत शहराचा वेढा डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. उपासमारीने जेरीस आलेल्या सुमारे १३ हजार लोकांना अखेर शरण जावे लागले. त्यांत मराठा पलटणींतील जवानही होते. कूत कोठे आहे, हे गावाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु ज्याच्या घरचा माणूस तेथे अडकला होता, ते घर गावाला ठाऊक होते. गावाने साथ दिली ती साम्राज्याला नव्हे, तर आपल्या माणसाच्या घराला.

३. युद्धाला हंगाम कळत नाही

युद्धांच्या तारखा शेतीच्या पंचांगाशेजारी ठेवून पाहिल्या, तर एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले, तेव्हा खरिपाच्या भांगलणी-कोळपणीचे दिवस होते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले, ते दिवाळीच्या तोंडावर. बाजरी, भुईमुगाची काढणी आणि शाळूची पेरणी यांची ती वेळ. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध पेटले, तेव्हा खरिपाचे पीक शिवारात उभे होते. ३ डिसेंबर १९७१ रोजी पुन्हा युद्ध सुरू झाले, तेव्हा रब्बीची राखण आणि ऊसतोड चालू होती. १९९९ च्या मे महिन्यात कारगिलचा संघर्ष सुरू झाला, तेव्हा नांगरणी-कुळवणी उरकून शेतकरी पावसाची वाट पाहत होता.

पेरणी आणि सुगीच्या दिवसांत रजा घेऊन घरी यावे, ही शेतकरी-सैनिकाची जुनी रीत. युद्ध सुरू होताच रजा रद्द होतात. ज्या दोन हातांच्या भरवशावर हंगामाचे काम ठेवलेले असते, नेमके तेच हात उचलले जातात. म्हणूनच गावासाठी युद्धाचा पहिला प्रश्न असतो तो हा : त्याच्या शेताचे काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या ग्रामीण जीवनात आधीपासूनच होते. ‘सावड’ म्हणजे आज तू माझ्या शेतात राब, उद्या मी तुझ्या शेतात राबेन, अशी परतफेडीची मदत. ‘इर्जिक’ म्हणजे अनेकांनी आपापली औते घेऊन एकाच्या शेतावर जमायचे, दिवसभरात काम उरकायचे आणि मोबदला म्हणून केवळ जेवण घ्यायचे. सैनिकाच्या घराला दिलेली सावड ह्या हिशेबात एका बाबतीत वेगळी ठरते. त्या घरातून परतफेडीला येणारा माणूस शिवारात नसतो, तो सीमेवर असतो. त्याने तेथे केलेली राखण हीच त्याची फेड, असे जेथे मानले जाते, तेथे मदतीला उपकाराचे रूप येत नाही. घेणाऱ्याची मानही खाली जात नाही.

ह्या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सैनिकाच्या गैरहजेरीचा फायदा घेणारे लोकही असतात. बांध कोरला जातो, पाण्याची पाळी चुकवली जाते, भाऊबंदकीचा दावा नेमका त्याच वेळी उभा राहतो. युद्धावर असलेल्या सैनिकाला कोर्टात हजर राहता येत नाही. म्हणून अशा सैनिकाविरुद्धचे दिवाणी दावे तहकूब ठेवण्याची तरतूद १९२५ च्या भारतीय सैनिक (दावे) कायद्यात करण्यात आली. कायदा कोर्टातील दावा थांबवू शकतो, पण रात्रीतून सरकणारा बांध थांबवू शकत नाही. तेथे शेजारच्या शेतकऱ्याची नजर लागते. गाव पाठीशी उभे राहते, ते अशा वेळी.

४. पत्र, मनीऑर्डर आणि तार

पहिल्या महायुद्धातील बहुसंख्य सैनिकांना लिहिता-वाचता येत नव्हते. ते दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेत. गावात ते पत्र दुसराच कोणी वाचून दाखवी. ह्या पत्रांवर सरकारी तपासनिसांचीही नजर असे. एका पत्रातील खुशाली अशी चारचौघांतून फिरत घरी पोहोचे. गावचा मास्तर किंवा पोस्टमन हा केवळ निरोप्या नव्हता. घरातल्या सुखदुःखाचा तो पहिला साक्षीदार होता.

स्वातंत्र्यानंतर सैनिकांच्या पत्रव्यवहारासाठी ‘५६ एपीओ’ आणि ‘९९ एपीओ’ हे सांकेतिक पत्ते रूढ झाले. पत्त्यात ना गाव, ना जिल्हा, ना राज्य. आपला मुलगा नेमका कोठे आहे हे आईला ठाऊक नसे, पण तिचे पत्र त्याला मिळे. महिन्याकाठी येणारी मनीऑर्डर ही पैशांइतकीच खुशालीची खूण असे. ती लांबली की घर अस्वस्थ होई. तारेचे मात्र भय वाटे. तार कोणासाठी आली, हे कळेपर्यंत प्रत्येक सैनिकाच्या घरातील बाई दारात उभी राही. जुलै २०१३ मध्ये देशातील तारसेवा बंद झाली.

आता बातमी क्षणात येते, तशी अफवाही येते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी रजेवरील अनेक जवानांना तातडीने परत बोलावण्यात आले. लग्नाला आठवडाही झाला नसताना उत्तर महाराष्ट्रातील एक जवान कर्तव्यावर निघाला. अशा वेळी गावाने पाळावयाची एक नवी जबाबदारी आहे. जवान कोठे निघाला, त्याची तुकडी कोठे आहे, याचा तपशील वा छायाचित्रे मोबाइलवरून पसरवू नयेत. पूर्वी पत्ता लपवण्याचे काम टपाल खाते करीत असे. आज ते काम गावातील प्रत्येकाचे आहे.

५. जवान आणि किसान, एकाच उंबऱ्यात

१९६२ च्या आक्रमणानंतर राष्ट्रीय संरक्षण निधी उभा राहिला. स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिले. कराडच्या यशवंतराव चव्हाणांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देशाचे संरक्षणमंत्रिपद स्वीकारले. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा दिली आणि अन्नटंचाईच्या काळात आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. शहरातील माणसाला ह्या घोषणेत दोन वेगळी माणसे दिसतात. साताऱ्याकडच्या घरांत मात्र हे दोघे सख्खे भाऊ असतात. किंबहुना जवान सीमेवर गेल्यावर किसानाची जागा बहुधा त्याची पत्नी घेते. औत हाकणे, पाणी धरणे, सोसायटीचे कर्ज फेडणे, मुलांची शाळा पाहणे ही सारी कामे तिच्या शिरावर येतात. युद्धाच्या गौरवगाथांत तिचा उल्लेख ‘वीरमाता’, ‘वीरपत्नी’ असा होतो. पण तो बहुधा पुत्र किंवा पती गेल्यानंतर. तो जिवंत असताना आणि दूर असताना ती जे करते, त्याला अजून नाव मिळालेले नाही.

६. युद्ध संपल्यावर

युद्ध सुरू होताना ढोल-ताशे वाजतात, फेटे बांधले जातात, वेशीपर्यंत मिरवणूक निघते. पूर्वीच्या युद्धांत वीरगती मिळालेल्या जवानांवर बहुधा रणभूमीजवळच अंत्यसंस्कार होत. कारगिलपासून त्यांचे पार्थिव गावी आणले जाऊ लागले आणि सारा पंचक्रोशीतला समाज निरोपाला लोटू लागला. ह्या आदरात खोट नाही. परंतु तेरावा दिवस सरला की घर पुन्हा एकटे होते. पेन्शनचे कागद, वारसाची नोंद, सातबाऱ्यावरील बदल, मुलांचे प्रवेश ह्यांसाठीचे हेलपाटे त्यानंतर सुरू होतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ह्या कामी साहाय्य करते. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो आणि सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या कल्याणासाठी निधी गोळा केला जातो. तरीही कार्यालयापर्यंत सोबत जाणारा माणूस गावातूनच मिळावा लागतो.

सैनिक लढतो, कारण मागे कोणीतरी आहे असा त्याला विश्वास असतो. तो विश्वास भाषणांनी निर्माण होत नाही. वेळेवर झालेली पेरणी, न सरकलेला बांध, वाचून दाखवलेले पत्र आणि भरून दिलेला अर्ज यांतून तो निर्माण होतो.

शब्दार्थ

सावड – परतफेडीच्या बोलीवर एकमेकांच्या शेतात केलेले काम
इर्जिक – मोबदला न घेता एकाच्या शेतावर अनेकांनी मिळून केलेले काम
भांगलण – पिकातील तण खुरप्याने काढणे
शाळू – रब्बी हंगामातील ज्वारी
बांध कोरणे – शेताची हद्द हळूहळू आपल्याकडे ओढून घेणे
पंचक्रोशी – आसपासचा परिसर
हेलपाटे – वारंवार माराव्या लागणाऱ्या खेपा

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) पहिल्या महायुद्धात अपशिंगे गावातील ______ जवानांनी प्राण दिले.
(आ) सशस्त्र सेना ध्वजदिन दरवर्षी ______ रोजी पाळला जातो.

२. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) घराचा ‘खात्रीचा पाऊस’ असे कशाला म्हटले आहे?
(आ) ‘५६ एपीओ’ ह्या पत्त्याचे वैशिष्ट्य कोणते?

आपण काय शिकलो

• युद्ध सीमेवर सुरू होते, त्याच वेळी ते सैनिकाच्या घरातही सुरू होते.
• सावड, इर्जिक यांसारख्या प्रथांमुळे मदत करणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मान राखला जातो.
• सैनिकाच्या घराला गावाची गरज युद्धानंतर अधिक काळ लागते.

स्वाध्याय

१. ‘युद्धाला हंगाम कळत नाही’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘गावाने साथ दिली ती साम्राज्याला नव्हे, तर आपल्या माणसाच्या घराला.’ ह्या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
३. सैनिकाच्या पत्नीच्या श्रमांना ‘अजून नाव मिळालेले नाही’ असे का म्हटले आहे? तुमचे मत सकारण लिहा.

उपक्रम

तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या सैनिक-कुटुंबाला भेटा. युद्धाच्या काळात त्यांना कोणाची आणि कोणत्या प्रकारची मदत झाली, कोणती मदत मिळाली नाही, याची माहिती घेऊन १५ ओळींत लिहा.