साहसकथेतून शोधाकडे

शाळेतून प्रोजेक्ट मिळाला की आपली मुले कॉम्प्युटरपुढे बसतात, पडद्यावरचे पहिले उत्तर उतरवून घेतात आणि काम संपते. डॉक्टर म्हणून मला याची काळजी वाटते. पहिल्याच लक्षणावरून निदान करू नये, हे आम्हाला मेडिकल कॉलेजात घोटून शिकवले जाते. पडताळून पाहण्याची ही सवय लहानपणीच लागायला हवी. साहसकथा त्यासाठी फार उपयोगी, कारण तिथे प्रश्न मुलाला स्वतःलाच पडतो.

भा. रा. भागवतांचा (१९१०-२००१) फास्टर फेणे पालकांच्या ओळखीचा आहेच. मुलांबरोबर ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ वाचा आणि मग असे करा :

१. मुलाला पडलेले प्रश्न वहीत लिहायला सांगा. गड कोणत्या जिल्ह्यात आहे? कोणी व कधी बांधला?

२. उत्तर कुठे सापडेल ते त्यालाच ठरवू द्या. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे. लायब्ररीत ड्यूई पद्धतीप्रमाणे भारताचा इतिहास ९५४ क्रमांकाखाली असतो. पुस्तकाच्या शेवटची सूची पाहायला शिकवा.

३. उत्तराशेजारी पुस्तकाचे नाव व पान लिहावे. दोन ठिकाणी तेच मिळाले, तरच उत्तर पक्के.

दोन ठिकाणी का? भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नचेच उदाहरण घ्या. ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ या त्याच्या कादंबरीत १८७२ साली मुंबईहून कलकत्त्याला निघालेली गाडी अलाहाबादच्या अलीकडेच थांबते. पुढे रूळच नाहीत! फॉगसाहेबांना हत्ती विकत घ्यावा लागतो. रेल्वे पूर्ण झाल्याचे वर्तमानपत्रांनी चुकीचे छापले, असे कादंबरी म्हणते. रेल्वेचा इतिहास उघडला तर दिसते की जबलपूरमार्गे हा लोहमार्ग १८७० सालीच पूर्ण झाला होता. छापलेले सगळे खरे नसते, हे मुलाला यातून स्वतःच उमगते, आणि गोष्टीची गोडीही कमी होत नाही.

आता सुट्टीच्या दिवशी मुलांना कलात अल-बहरैन या किल्ल्यावर न्या. तो २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, तर प्रतापगड २०२५ साली, इतर अकरा किल्ल्यांबरोबर. एक किल्ला समुद्रकाठी, दुसरा सह्याद्रीत. प्रत्येकाची जागा तिथेच का निवडली? या प्रश्नाचे उत्तर मुलांना आयते देऊ नका. वही आणि पेन्सिल मात्र जरूर द्या.