मुलाखतीचा वेश

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले की तिचा अर्थ खऱ्या अर्थाने जाणवतो. प्रश्नोत्तरांची तयारी बाजूला राहते आणि ‘काय घालून जाऊ?’ हा एकच प्रश्न घरभर फिरू लागतो. या प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकले आणि एकदा मला ते साधले. त्या दोन अनुभवांच्या आधारे थोडा विचार येथे मांडते.

गेल्या वर्षी मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षात असताना एका खासगी कंपनीचे अधिकारी पदवीधरांची निवड करण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी आले होते. कोट घातल्याशिवाय आत उभे करत नाहीत, असे कोणीतरी सांगितले. आईने भिशीचे पैसे मुकाट्याने माझ्या हातावर ठेवले. त्यातून काळा कोट, पॅन्ट आणि उंच टाचांचे बूट आले. एप्रिलचे ऊन आणि एस.टी.चा अडीच तासांचा प्रवास! मांडीवर घडी करून धरलेला कोट चुरगळायचा तो चुरगळलाच. नव्या बुटांनी टाचेला फोड आणला. आत गेल्यावर ‘तुमच्या मानसशास्त्राचा आमच्या कामात काय उपयोग?’ असा अगदी सरळ प्रश्न आला. त्यावर मी एरवी दहा मिनिटे बोलले असते. पण माझे सारे लक्ष तळहातापर्यंत उतरणाऱ्या बाहीकडे! दोन वाक्ये कशीबशी बोलून मी थांबले. निवड झाली नाही. नोकरी हुकल्यापेक्षा आईची भिशी वाया गेल्याचे मला अधिक लागले.

मग कपड्यांना महत्त्व द्यायचेच नाही का? तसेही म्हणता येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाईक याने १९२० साली एक निबंध प्रसिद्ध केला. लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले गुण त्याने तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य हे गुण वेगवेगळे. पण एकात ज्याला चांगले गुण मिळाले, त्याला इतरांतही चांगलेच मिळालेले दिसले. एका गुणाचे तेज दुसऱ्या गुणांवर पसरते. यालाच ‘हॅलो इफेक्ट’ म्हणतात. मुलाखत घेणारा आपल्याला जेमतेम पंधरा मिनिटे पाहतो. दारातून आत येताना जे दिसते, त्याची छाया पुढच्या उत्तरांवर पडणे स्वाभाविक आहे.

आपल्या थोर पुरुषांनी वेशाची ही शक्ती पुरती ओळखली होती. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ झाला. भरजरी पोशाखांच्या त्या मेळाव्यात महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा हिंदुस्थान खेड्यांत आहे, हे त्यांनी राजपुत्राला ऐकवले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना उपदेश केला, तो याच्या उलट वाटेल. लुगडे नेसण्याची जी पद्धत आणि जे दागिने अस्पृश्यतेची खूण ठरले आहेत, ते सोडा. कपड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण तो स्वच्छ असू द्या, असे त्यांनी सांगितले. एकाने शेतकऱ्याचा वेश मुद्दाम धारण केला, दुसऱ्याने लादलेला वेश टाकायला लावला. पण दोघांचे सूत्र एकच दिसते : आपण काय घालावे हे आपणच, विचारपूर्वक ठरवावे. मी मात्र ते ऐकीव गोष्टीवर ठरवले होते.

या अनुभवातून काढलेले चार नियम मैत्रिणींना आणि मित्रांना सांगावेसे वाटतात. पहिला, त्या ठिकाणी काम करणारी माणसे रोज काय घालतात याची आधी चौकशी करावी आणि त्याहून किंचित नीटनेटके जावे. शाळेत, बँकेत आणि कारखान्यात एकच वेश शोभत नाही. दुसरा, कोरा कपडा आणि कोरे पादत्राण त्या दिवशी प्रथमच घालू नये. आदल्या दिवशी ते घालून तासभर बसावे, जिना चढावा, फाईल उघडून पाहावी. साडी नेसायची असेल तर निऱ्या आणि पदर सावरावा लागतो का, हे तेव्हाच कळते. तिसरा, किमतीपेक्षा निगा महत्त्वाची. इस्त्री, सगळी बटणे, पुसलेल्या चपला, कापलेली नखे यांना फारसे पैसे पडत नाहीत. चौथा, प्रवास लांबचा असेल तर इस्त्रीचे कपडे पिशवीत न्यावेत, तासभर आधी पोहोचावे आणि तेथेच बदलावेत.

एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आल्यावर डिसेंबरमध्ये एका संस्थेत अर्धवेळ कामासाठी मुलाखत होती. मी आधी तेथे जाऊन दारातून येणाऱ्याजाणाऱ्यांना पाहून आले. कोट एकाच्याही अंगावर नव्हता. मी माझा निळा सुती पंजाबी ड्रेस आदल्या रात्री धुऊन, इस्त्री करून ठेवला आणि रोजच्याच चपला पुसून घातल्या. या वेळीही मानसशास्त्राच्या उपयोगाबद्दल विचारले गेले आणि मी मनमोकळेपणाने बोलले. अंगावर काय आहे, याची आठवण मला बाहेर आल्यावर झाली. ते काम मला मिळाले. ते ड्रेसमुळे मिळाले असे मी म्हणणार नाही. पण त्याने माझ्या बोलण्याच्या आड येणे टाळले, एवढे खरे.

पहिल्या पगारातून आईच्या भिशीचे पैसे परत केले. काळा कोट अजून कपाटात आहे. माझ्या मापाच्या कोणा मैत्रिणीला खरोखरच कोटाची गरज असेल, तर तिने तो खुशाल न्यावा. मात्र आदल्या दिवशी घालून पाहावा आणि बाही आधी आखूड करून घ्यावी.