परदेशी साइटवर जाण्याआधी

'दुबईला कामाला जातो' असं मुलाने म्हटलं, की घरात आधी पगाराची चौकशी होते, मग एजंटची. त्याला काम कोणतं येतं, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळं इथेच ठरतं.

आखातातल्या साइटवर शटरिंग कारपेंटर, स्टील फिक्सर, टाइल बसवणारा, प्लास्टर करणारा गवंडी यांना हेल्परपेक्षा जास्त पगार मिळतो. हेल्पर म्हणून गेलेला मुलगा बहुतेक वेळा हेल्परच राहतो, कारण दिवसभराच्या कामानंतर त्याला शिकवायला कुणाला सवड नसते. म्हणून शिकायचं ते इथे. आयटीआयमधून गवंडी, वेल्डर, प्लंबर किंवा वायरमन व्हा, मग एखाद्या मोठ्या ठेकेदाराच्या साइटवर वर्ष-दोन वर्षं काढा. ड्रॉइंग वाचता येणारा, लोखंड कापण्या-वाकवण्याचं शेड्यूल समजणारा मुलगाच पुढे फोरमन होतो. भारत आणि इस्रायलच्या सरकारांत 2023 मध्ये करार झाला, तेव्हाही भरती शटरिंग, लोखंडकाम, टाइल आणि प्लास्टर याच कामांसाठी होती, आणि उमेदवारांना प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागलं. अर्थात तिथल्या युद्धाचा धोका घरच्यांनी पगाराइतकाच गांभीर्याने तोलायला हवा.

आता कागदपत्रं. दहावी न झालेल्याचा पासपोर्ट सहसा 'ईसीआर' असतो. आखातासह 18 देशांत नोकरीला जाण्यासाठी त्याला सरकारची परवानगी लागते आणि ती देताना त्याचा करार तपासला जातो. त्याला प्रवासी भारतीय विमा योजनाही बंधनकारक आहे: दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास 10 लाखांचं संरक्षण. दहावी पास मुलाला ही परवानगी लागत नाही. पालकांना त्यामुळे हायसं वाटतं, पण त्याचा करार तपासणारंही मग कुणी उरत नाही. ते काम घरच्यांनीच करायचं.

एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतो. गावातला ओळखीचा माणूस 'मुंबईच्या ऑफिसचा' म्हणून पैसे मागत असेल, तर त्या ऑफिसचा परवाना स्वतः तपासा आणि त्याच्या हातात एक रुपयाही देऊ नका. परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, आणि त्याची पावती द्यावीच लागते. दीड-दोन लाख मागितले, तर विषय तिथेच संपवा. शेत गहाण टाकून मुलगा गेला, की कंपनीने कितीही छळलं तरी त्याला परतता येत नाही. हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो' या बोलण्याला कधीही होकार देऊ नका. करारात मूळ पगार, ओव्हरटाइमचा दर, राहण्या-जेवणाची सोय आणि परतीचं तिकीट लिहिलेलं हवं. तिथे पोहोचल्यावर वेगळाच कागद पुढे केला, तर सही करण्याआधी घरी फोटो पाठवायचा, हे आधीच ठरवून ठेवा. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं अमिरातीत आणि सौदीत कायद्याला धरून नाही. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. मुलाला हे निघण्याआधीच माहीत असू द्या. करार, व्हिसा आणि पासपोर्टच्या प्रती घरी ठेवा. पगार अडकला, तर दूतावासाकडे किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करताना याच प्रती लागतात.